घरच्या प्लेअरवर चालणारी डीव्हीडी

लग्नाच्या शूटिंगची एमपी-४ फाइल कोऱ्या डिस्कवर नुसती कॉपी केली, की संगणकावर ती व्यवस्थित दिसते आणि टीव्हीखालचा जुना प्लेअर मात्र ‘डिस्क एरर’ दाखवतो. नवशिक्याला वाटतं, डिस्कच खराब निघाली. पण साधा डीव्हीडी प्लेअर हवी ती फाइल शोधत बसत नाही. असे प्लेअर १९९६मध्ये जपानमध्ये विक्रीला आले, तेव्हाच्याच नियमांवर तो चालतो.

डिस्क घातली की तो ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर शोधतो. त्यातल्या व्हीओबी फाइलींत चित्र आणि आवाज असतो. कुठला भाग कुठे सुरू होतो, मेनूतलं कुठलं बटण कुठे नेतं, हे आयएफओ फाइली सांगतात. बीयूपी ही त्यांचीच दुसरी प्रत, आयएफओवर ओरखडा पडला तर कामी येणारी. ही सगळी मांडणी ऑथरिंग सॉफ्टवेअर करून देतं. डीव्हीडीस्टायलर त्यासाठी फुकट मिळतं. चित्र एमपेग-२ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये लागतं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम.

खरं कसब बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्र-आवाजाला किती डेटा द्यायचा, हे ठरवण्यात आहे. डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात (विंडोज हाच आकडा ४.३८ जीबी दाखवतं, त्याने गोंधळू नका). दोन तासांत ते वाटले, तर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट येतात, आवाजासकट. तासाभराच्या शूटिंगला ८ सहज देता येतात. चार तास एकाच डिस्कमध्ये कोंबले, तर वरातीतल्या नाचाचे चौकोनी ठोकळे होतात. त्यापेक्षा दोन डिस्क कराव्यात.

राइट करताना ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर डिस्कमधल्या रंगद्रव्याच्या थरावर ठिपके भाजतो. भाजलेल्या जागेवरून प्रकाश कमी परततो, आणि प्लेअर वाचतो तो हाच फरक. डिस्क उलटी धरली, तर भरलेल्या भागाचं कडं वेगळ्या छटेत डोळ्यांनाही दिसतं. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क मुळातच कमी प्रकाश परतवते, त्यामुळे काही जुने प्लेअर ती घेत नाहीत. घरच्यांना द्यायची प्रत एकदाच लिहिता येणाऱ्या साध्या डीव्हीडी-आरवरच करावी, आणि शेवटी ‘फायनलाइझ’ (इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून डिस्क बंद करण्याची पायरी) झाल्याशिवाय ट्रे उघडू नये.