शेवभाजीसोबत न मागता जे येतं

जळगाव-धुळे रस्त्यावर कुठल्या तरी ढाब्यावर बसा आणि शेवभाजी सांगा, सोबत बहुतेक रोटी नाहीतर पोळी येते, भाकर पाहिजे तर वेगळं सांगावं लागतं, आणि पोटात भूक असताना वेगळं सांगायला कोण जातं, जे ताटात येतं ते आपण खातो. वर्तनशास्त्रात याला डिफॉल्ट म्हणतात. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी 2008 मध्ये जी 'नज'ची, म्हणजे हळूच दिलेल्या धक्क्याची, कल्पना मांडली त्यातला हा सगळ्यात दमदार प्रकार. बंदी नाही, दंड नाही, भाव तोच, फक्त समोर काय आणि कसं मांडलंय ते बदलायचं.

केंब्रिजच्या कॉलेज कॅन्टीनमध्ये शाकाहारी पदार्थांचं प्रमाण चारात एकवरून चारात दोन केलं तर त्यांची विक्री 41 ते 79 टक्क्यांनी वाढली, कुणाला एक शब्द न सांगता. (2019 चा अभ्यास, 90 हजारांहून जास्त जेवणांचा.)

तिकडे पर्यावरणासाठी मांस कमी करायचं असतं, आपल्याकडे मुद्दा मांसापेक्षा पाण्याचा जास्त आहे असं मला वाटतं. दादर ज्वारी, म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी, तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येते, गुरांना कडबा पण देते, गव्हाला मात्र पाण्याच्या पाळ्या द्याव्याच लागतात. तरी ताटात गहू जास्त का? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य 1 रुपया किलोने द्यायची सोय होती, पण रेशनला वर्षानुवर्षं मुख्यतः गहू-तांदूळच आला, म्हणजे नज आपल्याला आधीच बसलेला आहे, फक्त तो कुणी विचारून दिला नाही.

आणि नजची खरी अडचण मला तीच वाटते. माणूस विचार करत नाही म्हणूनच तो चालतो, मग पुढच्या ढाब्यावर मांडणी वेगळी असली की सवय तिथेच संपली. संचयन बॅनर्जी आणि पीटर जॉन या संशोधकांनी यावर 'नज प्लस' सुचवलं, म्हणजे धक्का द्यायचा पण माणसाला थांबून विचार करायला जागा पण द्यायची. 2023 मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या शोधपत्रिकेत बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला, ब्रिटनमधले सुमारे 3 हजार लोक, ऑनलाइन जेवण मागवायचा प्रसंग. आधी विचार करायला लावून मग पर्यावरणाला बरा असलेला मेनू डिफॉल्ट म्हणून पुढे केला, तर नुसत्या डिफॉल्टपेक्षा जास्त लोकांनी तो निवडला! अर्थात ती स्क्रीनवरची निवड होती, प्रत्यक्ष ताटातली नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

उष्ट्याचंही असंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, भारतात घराघरांतून माणशी वर्षाला सुमारे 55 किलो. आणि आपल्या लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीत जो आग्रह होतो तो उलट्या दिशेचा नजच आहे हो, ताटावर हात आडवा धरला तरी बट्टी पडतेच. नॉर्वेच्या हॉटेलांत बुफेच्या प्लेटा लहान केल्या तर वाया जाणारं अन्न साधारण 20 टक्क्यांनी कमी झालं. आपण निदान एवढं करू शकतो की आचाऱ्याला मेनू सांगतानाच घरातल्यांनी बसून मागच्या लग्नात काय उरलं होतं ते आठवायचं, आणि वाढप्यांना सांगायचं की पहिली बट्टी वाढा, दुसरी विचारून.

होस्टेलच्या मेसमध्ये तर हे सहज जमेल. महिन्याचे पैसे भरताना पोरांना एकच प्रश्न, आठवड्यातून किती दिवस भाकर खाणार? ज्यानं जेवढे दिवस लिहिले तेवढे दिवस त्याच्या ताटात आधी भाकर, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या मिसळीच्या पिठाची, असली तर अजून चांगलं, आणि पोळी मागितली की लगेच मिळायला पाहिजे. खरी अडचण भाकरी थापणाऱ्या मावशींची आहे, एकेक भाकर हातानं थापायला पोळीपेक्षा जास्त मेहनत लागते, त्यामुळे त्यांना पैसे जास्त द्यावे लागतील आणि तो खर्च मेसच्या बिलात उघड दाखवलेला बरा.