कोझलोदुय : मदत आली, अट घेऊन आली

बल्गेरियात डॅन्यूब नदीच्या काठी कोझलोदुयचा अणुवीज प्रकल्प आहे. तिथली पहिली अणुभट्टी १९७४ मध्ये सुरू झाली, चौथी १९८२ मध्ये. चारही सोव्हिएत बनावटीच्या, प्रत्येकी ४४० मेगावॅटच्या. देशाची तिसऱ्या हिश्शाहून जास्त वीज याच प्रकल्पातून यायची.

दोष आराखड्यातच होता. भट्टी थंड ठेवणारं पाणी अर्धा मीटर व्यासाच्या पाइपांतून फिरायचं, पण आपत्कालीन यंत्रणा आखताना धरलं होतं ते पाइपाला पडणारं जेमतेम ३२ मिलिमीटरचं भोक. मुख्य पाइपच फुटला तर? त्याची तयारी नव्हती. भोवती दाब सोसणारं काँक्रीटचं भक्कम कवचही नव्हतं. शिवाय न्यूट्रॉनच्या माऱ्याने दाबपात्राच्या, म्हणजे अणुइंधन ज्यात असतं त्या भांड्याच्या, पोलादातला वेल्डिंगचा जोड ठिसूळ होत जातो. हा ठिसूळपणा घालवण्यासाठी पात्र सुमारे ४७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काही दिवस तसंच ठेवतात. कोझलोदुयलाही हे करावं लागलं. याच घराण्यातली भट्टी फिनलंडने लोविसात बसवली, तेव्हा कवच मात्र सुरुवातीलाच बांधून घेतलं होतं.

चेर्नोबिलच्या धक्क्यानंतर मे १९८९ मध्ये जगभरच्या अणुवीज कंपन्यांनी मॉस्कोत ‘वानो’ ही संघटना स्थापन केली. एकमेकांचे प्रकल्प आत जाऊन तपासायचे, हा तिचा गाभा. जून १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक कोझलोदुयला गेलं आणि तिथली अवस्था वाईट असल्याचं त्याने स्पष्ट सांगितलं. पुढच्या वर्षी म्युनिकच्या जी-७ परिषदेत मदतीचा कार्यक्रम ठरला, आणि १९९३ मध्ये युरोपीय पुनर्बांधणी व विकास बँकेत अणुसुरक्षेसाठी वेगळा निधी उघडला. त्यातून बल्गेरियाला पैसे मिळाले, पण जुन्या भट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या बोलीवर.

पहिल्या दोन २००२ अखेर बंद झाल्या, ते योग्यच झालं. तिसरी-चौथीची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर बराच खर्च झाला होता आणि २००२ च्या आंतरराष्ट्रीय तपासणीत त्या सुधारणांची दखलही घेतली गेली. तरी युरोपीय संघात प्रवेशाच्या अटीपायी ३१ डिसेंबर २००६ ला त्या थांबवल्या. दुसऱ्याच दिवशी बल्गेरिया सदस्य झाला. मला हे पटत नाही. सुधारूनही बंदच करायचं असेल, तर सुधारणेवर पैसा कोण घालील? १००० मेगावॅटच्या पाचव्या आणि सहाव्या भट्ट्या मात्र आधुनिकीकरणानंतर चालूच राहिल्या.