वाकळ (मराठवाडा)

वाकळ : जुनी लुगडी, धोतरे व इतर जीर्ण कपडे यांचे थर एकावर एक ठेवून, हाताने धावदोरा घालून शिवलेले अंथरूण-पांघरूण. यास गोधडी असेही म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी व हिंगोली या आठही जिल्ह्यांत ती घरोघरी शिवली जाते. रजई व दुलई यांत पिंजलेला कापूस असतो. वाकळेत भर घालायची तीही कापडाचीच.

उगम : वाकळेच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत तिचा संबंध बौद्ध भिक्षूंच्या चीवराशी (वस्त्राशी) जोडते. उकिरड्यावर वा स्मशानात टाकलेल्या चिंध्या धुऊन त्यांचे वस्त्र करण्याची परवानगी विनयपिटकात (भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात) आहे. मगधातील बांधबंदिस्त शेतांसारखे तुकडे जोडून चीवर शिवण्याची रचना बुद्धाचा शिष्य आनंद याने केली, अशी कथाही तेथेच येते. अजिंठा, वेरूळ व पितळखोरे ही लेणी याच प्रदेशात किंवा त्याच्या कडेला असल्यामुळे हे मत आकर्षक वाटते. तथापि चीवरात तुकडे शेजारी-शेजारी जोडलेले असतात, तर वाकळेचे मर्म थरांवर थर चढवण्यात आहे. या दृष्टीने अधिक जवळचा दाखला संघाटीचा, म्हणजे भिक्षूच्या सर्वांत वरच्या वस्त्राचा. ती नव्या कापडाची असेल तर दुपदरी आणि झिजलेल्या कापडाची असेल तर चौपदरी करण्याची मुभा विनयात दिलेली आहे. कापड जितके जुने तितके पदर जास्त, हा हिशेब वाकळ शिवणाऱ्या बायकाही करतात. पण तो कोणत्याही गरजू घराला आपोआप सुचण्यासारखा असल्याने त्यावरून परंपरेचा धागा ओढणे धाडसाचे होईल.

दुसरे मत कंथेकडे, म्हणजे चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राकडे, बोट दाखवते. शतखंड कौपीन (शंभर तुकड्यांची लंगोटी) आणि तशीच जर्जर कंथा यांचा उल्लेख भर्तृहरीच्या वैराग्यशतकात आहे, आणि नाथपंथी जोग्यांच्या वेषातही कंथा असते. बंगालमधील कांथा हे भरतकाम याच नावाने चालते. मात्र जोग्याची कंथा हे विरक्तीचे चिन्ह आहे, तर वाकळ ही संसाराची वस्तू. एकीवरून दुसरी आली असे म्हणण्यापेक्षा जोग्याने संसारी घरातली चिंध्यांची शिवण उचलली, हा उलटा क्रम अधिक संभवनीय दिसतो.

तिसरे मत वाकळेला कापडाच्या अर्थकारणातून आलेली वस्तू मानते, आणि उपलब्ध पुरावा त्याच्या बाजूने झुकतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर (आजचे तेर, जि. धाराशिव) येथून साधे कापड व मलमल गाड्यांतून गुजरातेतील भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. म्हणजे कापड येथे विणले जात होते. पण ते बाजारात जाणे वेगळे आणि गरिबाच्या घरी चार-पाच थर घालण्याइतके उरणे वेगळे. हातमागाचे लुगडे महाग होते. ते दंड घालून वापरले जाई, म्हणजे मधला विरलेला भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडले जात. मग त्याचा धडपा होई, शेवटी पोतेरे. थंडीसाठी धनगरी घोंगडी होतीच. मुंबईत 1850 नंतरच्या दशकांत कापडगिरण्या निघाल्या आणि 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या गावांवरून गेला. त्यानंतर गिरणीचे स्वस्त लुगडे खेड्यापर्यंत पोचले. आज दिसते तशी जाड, पुऱ्या मापाची वाकळ सर्वसामान्य घरांत रुळली ती साधारण या काळात, असे मानणे सयुक्तिक होईल. लहान दुपटी त्याआधीची असणार.

रचना : वाकळेचे माप लुगड्यावरून ठरते. नऊवार लुगडे सुमारे 8 मीटर लांब आणि पन्ह्याला (रुंदीला) सव्वा मीटरच्या आतबाहेर असते. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे, एका माणसाला पुरेल असे चौपदरी कापड मिळते. घडी न घालता चार तुकडे करून दोन-दोन पन्हे जोडले, तर दुप्पट रुंदीची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू एकाच लुगड्यात निघतात. सहावारी पातळात हा हिशेब बसत नाही. एक तुकडा कमी पडतो व तो दुसऱ्या रंगाचा लावावा लागतो. अनेक रंगीबेरंगी वाकळांमागे नक्षीची हौस कमी आणि ही तूटच अधिक असते.

लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याची जागा आणि पायांत घासणारा भाग आधी विरतो, काठ व पदर मागे राहतात. त्यामुळे विरलेले कापड आत जाते आणि काठांच्या पट्ट्या कडेला येतात. लातूर, धाराशिवकडच्या जुन्या वाकळांना इरकलीचे काठ लावलेले आढळतात ते याच कारणाने. आत सदरे, परकर, पोरांची चिरगुटे असे काहीही चालते. मात्र गुंड्या, हुक आणि जाड शिवणी आधी कापून काढतात, नाहीतर त्या अंगाला टोचतात आणि सुई मोडतात.

शिवण बहुधा उन्हाळ्यात होते. तेव्हा शेतातली कामे कमी असतात आणि सारवलेले अंगण कोरडे असते. तळाचे कापड अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात, भर पसरतात, वरचे कापड घालून कडा आत मुडपतात आणि मोठ्या टाक्यांनी टाचून घेतात. नंतर पक्का धावदोरा. त्याच्या दोन तऱ्हा आहेत : एका कडेपासून दुसरीपर्यंत बोटभर अंतराने सरळ ओळी, किंवा कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे जाणे. दुसऱ्या तऱ्हेत कडा आधी बंद होतात व भर बाहेर सरकत नाही. पण कापडाचा सगळा ढिलेपणा मध्याकडे ढकलला जातो. म्हणून दर फेरीला डाव्या तळहाताने कापड बाहेरच्या अंगाला चोळावे लागते. हे चुकले की मधोमध पोट सुटते, आणि ते उसवल्याशिवाय जात नाही.

कडेकडून आत जाणारी हीच शिवण कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदीतही (गोधडीतही) आहे. निजामशाहीचा हबशी (आफ्रिकी वंशाचा) वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी (पुढचे औरंगाबाद) वसवली, तिच्या हबशी वस्तीशी हे साम्य जोडण्याचा मोह होतो. परंतु सैल थर आवळायचे म्हटल्यावर वाटा मुळातच मोजक्या उरतात. साम्याला तेवढे कारण पुरते.

वापर : थंडीत परभणीचा पारा पाच अंशांखाली उतरतो, तेव्हा थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, उन्हाळ्यात तीच वाकळ बाजेवर अंथरली जाते. दिवसा घड्या घडवंचीवर. घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर वा विहिरीवर धुवायला निघतात; भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोके धरून पिळतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडात भांड्यांच्या बरोबरीने वाकळांचे बोचके असते. बाळंतविड्यातील दुपटे व कुंची मऊ, जुन्या सुती कापडाची करतात.

संबंधित वस्तू : पाण्याच्या घागरीखालची चिंध्यांची चुंबळ, पायपुसणी, चिंध्यांची बाहुली या वस्तू त्याच बोचक्यातून निघतात. बंजारा तांड्यांवरील चुंबळींना कवड्या व आरसे लावलेले असतात. रद्दी कागद भिजवून, त्यात वाटलेली मेथी कालवून तो लगदा पालथ्या घागरीवर थापला की वाळल्यावर टोपली होते. मेथीमुळे लगदा चिकटून राहतो व कीड लागत नाही असे म्हणतात. फुटक्या बांगड्यांचे तुकडे चिमणीच्या ज्योतीवर वाकवून एकमेकांत अडकवायचे आणि तोरण करायचे, हा मुलींचा उद्योग आता दुर्मीळ.

सद्यःस्थिती : सुती लुगडी मागे पडून सिंथेटिक साड्या आल्या आणि वाकळ बदलली. हे कापड विरत नाही, म्हणून ते भरपूर उरते. पण निसरडे असल्याने थर सरकतात, घाम शोषला जात नाही आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. त्यामुळे अनुभवी बायका ते आतल्या थरांत घालतात व वर-खाली सुती चादर लावतात. जुन्या साड्यांवर भांडीवालीचाही डोळा असतो. चार साड्यांना स्टीलचे पातेले मिळत असेल तर वाकळ राहून जाते. काही बचत गट मागणीप्रमाणे गोधड्या शिवून विकतात. त्यांपैकी शिलाई यंत्रावर शिवलेल्या गोधड्या पातळ असतात, कारण घरगुती यंत्राच्या पायाखाली चार-पाचांहून जास्त जाड पदर नीट सरकत नाहीत.