अंगात त्राण नसताना व्यायाम कसा करायचा?

(आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारे एमएस म्हणजेच मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

"जरा मनावर घे, सगळं जमेल." घरच्यांना विनंती, हे वाक्य टाळा. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते. त्यातून येणारा थकवा रात्रभर झोपूनही जात नाही. तो आळस नव्हे.

पूर्वी या आजारात व्यायाम नकोच म्हणत. १९९६ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रुग्णांनी पंधरा आठवडे व्यायाम केला. दमसास आणि ताकद वाढली, आजार बळावला नाही. २०१३ च्या कॅनडातल्या शिफारशींनुसार सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढांनी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं दमसास वाढवणारा आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करावा. सुरुवातीला पाच मिनिटंही पुरे.

व्यायाम सुटतो तो बहुतेकदा भीतीने. अंग तापलं की अंधुक दिसतं, पाय जड होतात, आणि आजार वाढला असं वाटतं. हा उथॉफचा परिणाम. अंग थंड झालं की तो ओसरतो, नसांना नवी इजा होत नाही. आपल्या कोल्हापुरात तालमीची सवय, घाम निथळल्याशिवाय व्यायाम झाल्यासारखं वाटत नाही. तुमचं माप वेगळं आहे: चालताना बोलता आलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये रंकाळ्यावर सकाळी लवकर जा, गार पाणी आणि ओला रुमाल जवळ ठेवा.

दुसरं कारण म्हणजे बरं वाटलं त्या दिवशी केलेली घाई. रंकाळ्याची अख्खी फेरी मारायची, मग दोन दिवस अंथरूण धरायचं. अशाने उमेद खचते. दुसऱ्या बाकापर्यंत ठरलं असेल तर अंगात जोर असला तरी तिथूनच परत फिरा. अंतर वाढवायचं ते आमच्याशी बोलून. बाहेर जाणं होत नसेल त्या दिवशी खुर्ची भिंतीला टेकवा आणि मालिकेत जाहिराती लागल्या की जमेल तेवढ्या वेळा उठा-बसा. वेगळा वेळ काढावा लागत नाही, म्हणून हे टिकतं. सोबत कुणी असेल तर आणखी बरं, फक्त त्यांनी तुमच्या चालीने चालावं.

तोल जात असेल तर एकट्याने सुरुवात करू नका. नवीन अशक्तपणा, बधिरपणा किंवा दिसण्यातला फरक २४ तासांनंतरही राहिला, तर व्यायाम थांबवून न्यूरोलॉजिस्टना दाखवा. पहिल्या भेटीला येताना चालू औषधांची यादी आणा आणि दिवसातल्या कोणत्या वेळी जास्त गळून जायला होतं, ते लिहून आणा. तुमची व्यायामाची वेळ आम्ही त्यावरूनच ठरवतो.