गामेलान आणि पाश्चात्त्य वाद्ये : सूर कुणी कुणाशी जुळवायचा?

गामेलान म्हणजे मुख्यतः काशाच्या पट्ट्या आणि घंटांचा इंडोनेशियाचा वाद्यवृंद. त्याची पाश्चात्त्य संगीताशी ओळख कशी झाली, हे सांगताना सुरुवात बहुधा १८८९च्या पॅरिस प्रदर्शनापासून होते. तिथे क्लोद दब्युसी या फ्रेंच संगीतकाराने जावाचे वादक ऐकले आणि १९०३मध्ये 'पागोद' ही पियानोरचना लिहिली. रचना सुंदरच आहे, पण वाजतो तो एकटा पियानो.

दोन्हीकडची वाद्ये एकत्र वाजली ती जावात, आणि या गोष्टीची दखल फार कमी घेतली जाते. योग्याकर्ताच्या राजवाड्यात 'बेदोयो' नृत्यातल्या नर्तकी मंडपात येताना आणि परतताना 'गाती' नावाच्या रचना वाजतात. त्यांत गामेलानच्या जोडीला ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि लष्करी बँडमधले ड्रम असतात. १९२०च्या दशकात सुलतानाच्या पदरी स्वतंत्र पाश्चात्त्य वाद्यवृंदही होता. वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार काही काळ त्याचा संचालक होता.

खरी अडचण सुरांची. 'स्लेंद्रो'मध्ये सप्तकाचे जवळजवळ सारख्या अंतराचे पाच स्वर, तर 'पेलोग'मध्ये कमीजास्त अंतरांचे सात. दोन्ही पियानोच्या पट्ट्यांवर नेमके सापडत नाहीत. त्यातून प्रत्येक गामेलान फक्त स्वतःशी जुळवलेला असतो; एका गावच्या संचातली पट्टी दुसऱ्या गावच्या संचात चालेलच असे नाही. बालीत तर जोडीतली दोन वाद्ये मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावतात, म्हणजे एकत्र वाजली की नाद थरथरतो. पेटी आणि श्रुतींचा आपल्याकडचा वाद माहीत असलेल्यांना हा पेच लगेच उमगेल. ट्रंपेटवाला ओठांनी सूर थोडा वर-खाली करू शकतो, पियानोवाल्याला ती सोय नाही. आणि काशाची पट्टी पुन्हा लावायची तर ती घासावी लागते.

१९३०च्या दशकात बालीत राहिलेल्या कॉलिन मॅकफी या कॅनेडियन संगीतकाराने 'ताबुह-ताबुहान'मध्ये दोन पियानो आणि मारिंबासारखी लाकडी पट्ट्यांची वाद्ये मध्यभागी ठेवून ऑर्केस्ट्रातच गामेलानची घडण उभी केली. १९३६मध्ये ती मेक्सिको सिटीत प्रथम वाजली. सूर मात्र पाश्चात्त्यच राहिले.

माझ्या मते खरे वळण दिले ते अमेरिकेचा संगीतकार लू हॅरिसन याने. १९७१च्या सुमारास त्याने वाद्ये घडवणाऱ्या विल्यम कॉल्व्हिगबरोबर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि कापलेल्या ऑक्सिजनच्या टाक्या वापरून स्वतःच एक गामेलान बनवला. पुढे तो 'पाक चोक्रो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जावाच्या गुरूंकडे रीतसर शिकला आणि जावाच्या गामेलानसाठीच लिहू लागला. १९८२च्या त्याच्या दुहेरी कॉन्चेर्तोत, म्हणजे दोन मुख्य वादकांच्या रचनेत, गामेलानबरोबर व्हायोलिन आणि चेलो आहेत. या वाद्यांना पडदे नसल्याने वादकाची बोटे गामेलानचा सूर शोधून घेतात. १९८७मध्ये त्याने पियानो आणि गामेलान यांची रचना केली, तेव्हाही गामेलानला हात लावला नाही. पियानोच्या तारा गामेलानच्या सुरांत लावून घेतल्या.