न्यू किमला घर कसं सापडायचं?

नोव्हेंबर 2020 मध्ये बेल्जियममधली एक मादी कबूतर ऑनलाइन लिलावात 16 लाख युरोला विकली गेली, म्हणजे आपले जवळपास 14 कोटी रुपये. नाव न्यू किम, वय फक्त दोन वर्षं. बोली सुरू झाली होती 200 युरोपासून आणि शेवटी चीनमधले दोघं जण एकमेकांवर चढत गेले. त्याआधीचा रेकॉर्ड आर्मांडो नावाच्या नराचा होता, 2019 मध्ये साडेबारा लाख युरोचा. सहसा नराला जास्त भाव मिळतो कारण त्याची जोडी अनेक माद्यांशी लावता येते, त्यामुळे मादीने रेकॉर्ड मोडला याचं त्या धंद्यातल्या लोकांनाही नवल वाटलं.

पण मला स्वतःला किमतीपेक्षा तिने केलेलं काम जास्त भारी वाटतं. 2018 मध्ये जन्मली आणि त्याच वर्षी रेसमध्ये उतरली, म्हणजे कबुतरांना लांब नेऊन सोडायचं आणि त्यांनी उडत घरी परतायचं. पिल्लू साधारण आठवड्याचं झालं की पायात नंबर असलेला वाळा सरकवतात, पुढे पाय मोठा झाला की तो निघत नाही, म्हणजे तीच त्या पक्ष्याची जन्मभराची ओळख. मग आधी ढाबळीभोवती, म्हणजे कबुतरांच्या घराभोवती उडवायचं, मग पाच किलोमीटरवरून सोडायचं, मग वीस, मग पन्नास, असं अंतर वाढवत न्यायचं. न्यू किम त्या सीझनमध्ये फ्रान्समधल्या शातोरू आणि आर्जंतों इथून सोडलेल्या मोठ्या रेसमध्ये चमकली. तिथून अँटवर्पजवळचं तिचं घर सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या वर आहे, मुंबई-गोव्यापेक्षा जास्त! ताशी 70-80 किलोमीटरने सहा-सात तास उडायचं, वाटेत ससाणे, तारा, उलटा वारा, आणि हे सगळं चारपाचशे ग्रॅमच्या जिवाने. कबुतराच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त नुसते छातीचे स्नायू असतात आणि लांबच्या उड्डाणात ते मुख्यतः चरबी जाळतात.

निकाल लावायची पद्धत पण बघण्यासारखी आहे. सगळी कबुतरं सुटतात एकाच जागेवरून पण पोचतात आपापल्या घरी, म्हणजे प्रत्येकाचं अंतर वेगळं. त्यामुळे पहिलं कोण पोचलं याला अर्थ नसतो, अंतर भागिले वेळ करून मिनिटाला किती मीटर ते काढतात. रेससाठी पायात चिप असलेला वाळाही घालतात, ढाबळीच्या दारात पाय टाकला की वेळ आपोआप नोंदली जाते.

आता मुख्य प्रश्न, घर सापडतं कसं? बंद पेट्यांतून ट्रकने नेलेलं असतं, रस्ता पाहिलेला नसतो. एक उत्तर सूर्य. कबुतरांना खोट्या उजेडात ठेवून त्यांचं शरीरातलं घड्याळ सहा तास सरकवलं तर ती साधारण 90 अंश चुकीच्या दिशेला निघतात, कारण सूर्य तासाला 15 अंश सरकतो हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का असतो. मग ढगाळ दिवशी काय? कीटन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1971 मध्ये कबुतरांच्या पाठीवर छोटे चुंबक लावून पाहिले, उन्हात काही फरक नाही पण ढगाळ हवेत ती गोंधळली. हा प्रयोग नंतर दर वेळी तसाच जमला नाही हेही सांगायला हवं. इटलीतल्या पिसामध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून पापी या शास्त्रज्ञाच्या ग्रुपने वासाकडे बोट दाखवलं, वास कळणारी नस कापलेली कबुतरं अनोळखी जागेवरून घरी पोचेनात. आणि ऑक्सफर्डच्या लोकांनी पाठीवर जीपीएस बांधलं तर दिसलं की ओळखीच्या भागात ती चक्क हायवेवरून उडतात आणि चौकात वळतात! म्हणजे एकच एक यंत्र नाही, जे हाताशी असेल ते वापरतात, आणि वास आणि चुंबक यातलं खरं किती यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. आपल्या खिडकीत घुमणारा पारवा त्याच जातीचा आहे, फक्त त्याला कोणी पाचशे किलोमीटर लांब नेऊन सोडलेलं नसतं.

विकली गेली तेव्हा न्यू किमचं रेसिंग केव्हाच थांबलेलं होतं, एवढे पैसे पुढच्या पिल्लांसाठी होते. आणि अशा विकत घेतलेल्या चॅम्पियनला मोकळं सोडत नाहीत, जाळीतच ठेवतात, कारण एकदा डोक्यात ठसलेलं घर सहजी पुसलं जात नाही, सोडलं तर ती जुन्या ढाबळीच्या शोधात निघायची भीती असते. घर शोधण्यात जी सगळ्यात पटाईत, नेमकी तिलाच उडू द्यायचं नाही. तिची पिल्लं मात्र नव्या ढाबळीतच अंड्यातून बाहेर येणार, पायात तिथलाच वाळा पडणार, आणि त्यांना पाच किलोमीटरवरून सोडलं की ती तिथेच परत येणार.