फोटोसेल (बाहेरच्या दिव्यांचा) : बिघाड आणि बदली

अंधार पडला की बाहेरचा दिवा आपोआप लावणारा आणि उजाडलं की विझवणारा स्विच. दुकानात याला सेन्सर किंवा डे-नाईट सेन्सर म्हणतात, जुने वायरमन फोटोसेलच म्हणतात, पाठ्यपुस्तकात प्रकाशविद्युत घट असा शब्द येतो. बंगल्याचं गेट, सोसायटीचं पार्किंग, कारखान्याचं कंपाऊंड, मळ्यातली शेड अशा ठिकाणी हा असतो. माणसाची चाहूल लागून पेटणारा मोशन सेन्सर ही वेगळी वस्तू, जरी त्याच्या पोटात दिवस-रात्र ओळखायला बहुधा एक छोटा फोटोसेल असतोच.

नावाचा घोळ जुना आहे आणि तो आधी सोडवलेला बरा. प्रकाश पडल्यावर पदार्थाचं विजेच्या बाबतीतलं वागणं बदलतं याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींना कधी ना कधी फोटोसेल म्हटलं गेलंय. एदमाँ बेकरेल यांनी १८३९ मध्ये नोंदवलेला परिणाम म्हणजे उजेडाने थेट व्होल्टेज तयार होणं, सोलर पॅनेल त्याच वंशातलं. हाइनरिश हर्ट्झ यांना १८८७ मध्ये दिसलेला आणि आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये उलगडून दाखवलेला दुसरा, त्यात धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि काचेच्या नळीतले जुने फोटोसेल त्यावर चालायचे. तिसऱ्यात उजेड पडला की पदार्थाचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) फक्त कमी होतो, बाकी काही नाही, आणि आपल्या भिंतीवरच्या सेन्सरचा पाया हा तिसरा. त्यामुळे या सेन्सरच्या इतिहासात आइनस्टाइन यांचं नाव घालायची जी पद्धत पडलीय ती ओढूनताणून आहे असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

तिसऱ्या परिणामाचं श्रेय साधारणपणे विलोबी स्मिथ या इंग्रज तारयंत्र इंजिनिअरला देतात. समुद्राखालच्या केबलच्या चाचणीसाठी त्याला खूप जास्त रेझिस्टन्सचं काहीतरी हवं होतं म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या वापरल्या (सेलेनियम बर्झेलियस यांनी १८१७ मध्येच शोधलेलं), पण कांड्यांचं माप काही केल्या एक येईना, पेटीचं झाकण उघडं असलं की रेझिस्टन्स उतरायचा आणि बंद केलं की चढायचा. १८७३ च्या फेब्रुवारीत हे 'नेचर' मध्ये छापून आलं. काही लेखक मात्र हे पहिल्यांदा पाहिलं ते स्मिथच्या हाताखालच्या जोसेफ मे या सहाय्यकाने असं मांडतात. पाहिलं कोणी आणि कारण ओळखून जाहीर केलं कोणी हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तर वाद बराच निवळतो, छापील पुरावा स्मिथच्या बाजूचा आहे, पण प्रत्यक्ष माप घेणाऱ्या हाताचं नाव गाळू नये.

अंधारात आपोआप लागणारा दिवा मात्र वेगळ्याच वाटेने आधी आला. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी १९०७ च्या सुमारास दीपस्तंभांसाठी सूर्यझडप बनवली, त्यात वीज नव्हतीच, उन्हाने काळी दांडी तापून लांबायची आणि ॲसिटिलीन वायूची वाट बंद करायची, चकचकीत दांड्या उजेड परतवून तशाच राहायच्या. याच कामाबद्दल त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. म्हणजे कल्पना दालेन यांची आणि पदार्थ स्मिथचा, दोन्ही एकत्र येऊन खांबावर बसायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला असावा. तोवर सेलेनियम मागे पडून कॅडमियम सल्फाइड आलं होतं. त्याची पकड साधारण ५१२ नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडापासून सुरू होते आणि माणसाचा डोळा ५५५ ला सगळ्यात तीक्ष्ण, म्हणून याला जो अंधार वाटतो तो जवळपास आपल्यालाही अंधारच वाटतो. पण कॅडमियम विषारी, युरोपच्या २००६ पासून लागू झालेल्या नियमात त्याची मर्यादा ०.०१ टक्के, त्यामुळे नवीन सेन्सरमध्ये सिलिकॉनचा फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की करंट जाऊ देणारा छोटा भाग) येतो. त्याला इन्फ्रारेड जास्त दिसतं, फिल्टर नसेल तर जवळच्या हॅलोजनच्या उजेडाने तो जुन्यापेक्षा लवकर फसतो. बदली करताना हे लक्षात नसलं की माणूस नवीन सेन्सरच खराब निघाला म्हणून परत करायला जातो.

आता आतलं काम. जुन्या पद्धतीत उजेड ओळखणाऱ्या सेलच्या सिरीजमध्ये छोटा हीटर आणि शेजारी बायमेटलची (दोन धातू जोडलेली, तापली की वाकणारी) पट्टी असते. दिवसा सेलमधून करंट जातो, हीटर तापतो, पट्टी वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो. रात्री सगळं थंड होऊन कॉन्टॅक्ट जुळतो. यात सेल तुटो की हीटर जळो, कॉन्टॅक्ट जुळलेलाच राहतो, म्हणून हा प्रकार मेला की दिवा दिवसरात्र चालू राहतो, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय कारण रस्ता अंधारात जाण्यापेक्षा वीज वाया गेलेली परवडते. दुसरा प्रकार रिलेचा (कॉइलमध्ये करंट गेला की चुंबकाने कॉन्टॅक्ट ओढणारा स्विच), हल्ली बहुतेक हाच मिळतो. स्वस्त सर्किटात बऱ्याचदा रिले रात्री ओढला जातो, म्हणून सर्किट मेलं तर दिवा लागतच नाही, आणि रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर विझतच नाही. एकाच वस्तूची दोन उलटी लक्षणं.

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून काढलेला असा एक सेन्सर उघडून बघितला होता, तक्रार अशी की संध्याकाळी दिवे टक-टक-टक करत लागायचे आणि विझायचे. आत पिवळी चौकोनी फिल्म कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग), वर ४७४ छापलेलं, म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरड. मीटरवर भरली ०.१९. या सर्किटात ट्रान्सफॉर्मर नसतो, २३० व्होल्टवरून करंट मोजून सोडायचं काम ही एकटी कपॅसिटर करते, पूर्ण किमतीला जास्तीत जास्त साधारण ३४ मिलीअँपिअर, आणि ०.१९ ला जेमतेम १४. तेवढ्यात २४ व्होल्टचा रिले ओढला जाऊन टिकत नाही, ओढला की व्होल्टेज बसतं, बसलं की सुटतो, सुटला की पुन्हा चढतं. सेल अगदी ठणठणीत होता, अंगठा ठेवला की मेगओमच्या घरात, उन्हात धरला की काही शे ओम. लाईनवरचे झटके खाऊन ही कपॅसिटर दर वेळी थोडी थोडी झिजते, त्यामुळे वीज फार ये-जा करते त्या भागात हे जास्त होतं. कपॅसिटर बदलून सेन्सर परत चालतो, पण हे काम ज्याला सर्किटची समज आहे त्यानेच करावं, बोर्ड थेट मेन लाईनवर असतो आणि सप्लाय काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो.

चिकटलेल्या रिलेचं कारण बहुतेक वेळा एलईडी. सेन्सरवर ६ किंवा १० अँपिअर लिहिलेलं असतं ते साध्या बल्बसारख्या लोडसाठी, एलईडी फ्लडलाईटचा ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज देणारं सर्किट) चालू होताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, असे आठ-दहा एका सेन्सरवर टाकले की रोज संध्याकाळी कॉन्टॅक्टवर ठिणगी आणि एक दिवस वेल्डिंग. जास्त फिटिंग असतील तर सेन्सरने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा लोड पेलणाऱ्या दणकट रिलेची) कॉइल चालवावी आणि दिवे कॉन्टॅक्टरवर घ्यावेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ही रीत सगळ्यांना माहीत असते पण सोसायटीच्या कामात खर्च वाचवायला ती गाळली जाते.

तपासणी करताना घाई नको. दिवा लागत नसेल तर भर दिवसा सेन्सरला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून दोन-तीन मिनिटं थांबायचं, कारण वीज चमकली किंवा गाडीचा हेडलाईट पडला तर दचकू नये म्हणून आत मुद्दाम उशीर ठेवलेला असतो, आणि दहा सेकंदात लागला नाही म्हणून सेन्सर गेला असं ठरवणारे पुष्कळ. तरीही लागला नाही तर येणारी फेज आणि न्यूट्रल बघायची, मग जाणारी. इथं निऑन टेस्टरवर विसंबू नये, कॉन्टॅक्टला समांतर कपॅसिटर असली की तिच्या गळतीवरही टेस्टर पेटतो (त्याच गळतीने एलईडी दिवसा मिणमिणतात), होल्डरला बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प खरं सांगतो. शेवटी एमसीबी पाडून सेन्सरची येणारी फेज आणि दिव्याकडे जाणारी फेज एकमेकींना जोडायची (न्यूट्रल नव्हे) आणि एमसीबी वर करून बघायचं, दिवा लागला तर सेन्सर दोषी, नाही लागला तर ड्रायव्हर किंवा पुढची वायर. हे डायरेक्ट करणं तपासण्यापुरतंच. कित्येक ठिकाणी ते तसंच राहतं आणि ५० वॅटचा एक फ्लडलाईट दिवसाचे १२ तास फुकट जळून महिन्याला १८ युनिट खातो.

दिवा विझत नसेल तर शिडी लावून आधी सेन्सरचं तोंड पुसावं. कबुतराची घाण, एमआयडीसीतली धूळ, उन्हाने पिवळं पडलेलं प्लास्टिक, आणि गंगापूर रोडच्या बंगल्यांवर तर बोगनवेल, वेल वाढत गेली की सेन्सरच्या डोक्यावर कायमची संध्याकाळ. पावसाळ्यात चार वाजताच दिवे लागतात ही तक्रारही याच जातीची. ढगाळ दिवसालासुद्धा उघड्यावर हजाराच्या वर लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात आणि सेन्सर लागतो १० ते २० लक्सला, म्हणजे उघड्यावरचा सेन्सर ढगांनी फसायला नको, छज्जाच्या आत बसवलेला फसतो. याच्या उलट, दिव्याचा स्वतःचा उजेड पांढऱ्या भिंतीवरून सेन्सरवर आला की तो सकाळ झाली समजून विझवतो, विझला की अंधार, पुन्हा लावतो, आणि हे रात्रभर चालतं. इथं सेन्सर बदलून काहीही होत नाही, जागा बदलावी लागते.

बदलताना सगळ्यात मोठा धोका रंगांचा, आणि याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. पण अमेरिकी पद्धतीच्या सेन्सरला काळी म्हणजे येणारी फेज, पांढरी न्यूट्रल आणि लाल म्हणजे दिव्याकडे जाणारी. लालला लाल, काळ्याला काळी असं सरळ जोडलं तर सेन्सरचा कॉन्टॅक्ट फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध येतो. बायमेटल प्रकारात तो मुळातच जुळलेला, म्हणजे एमसीबी वर करताच थेट शॉर्ट. म्हणून रंग न बघता सेन्सरवरची आकृती बघावी, जुना काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यावा, न्यूट्रल सेन्सरला आणि दिव्याला दोघांनाही लागते हे ध्यानात ठेवावं. एमसीबी पाडल्यावर टेस्ट लॅम्पने दोन्ही वायरी तपासल्याशिवाय हात लावू नये, कारण कुठे कुठे स्विच न्यूट्रलमध्येच टाकलेला सापडतो. ओल्या भिंतीवर काम करूच नये. खांबावरच्या तीन पिनांच्या, फिरवून बसणाऱ्या सेन्सरला हा रंगांचा त्रास नाही, पिना एकाच प्रकारे बसतात.

नवीन सेन्सर शक्यतो उत्तरेकडे तोंड करून बसवतात, पश्चिमेला बसवला तर मावळतीच्या उजेडाने उशिरा लागतो, पूर्वेला बसवला तर लवकर. नाशिक २० अंश उत्तरेवर असल्याने साधारण २१ मे ते २३ जुलै या दिवसांत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच जातो, तेव्हा ऊन त्याला चुकत नाही, पण पुढे पाऊसच असतो. वायर आत शिरण्याआधी खाली वळसा देऊन वर घ्यावी म्हणजे पाणी वळशावरून टपकतं, ग्लँडचं (वायर आत घ्यायच्या बुचाचं) तोंड खाली, आणि वापरात नसलेलं भोक बुजवलेलं, नाहीतर मुंग्या आणि पाली आत जाऊन कॉन्टॅक्टमध्ये मरतात.

टायमर लावून भागत नाही का असं विचारतात. नाशिकला डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि जूनअखेर सव्वासातच्या पुढे, म्हणजे साधा टायमर वर्षातून चार-पाच वेळा हलवावा लागतो, तारखेप्रमाणे मावळतीची वेळ स्वतः काढणारा टायमर मिळतो पण त्याला दुपारी काळोख करून येणारा वळीव कळत नाही. रस्त्यांवरचे दिवे बहुधा गटाने एका पॅनेलवरून चालतात, तिथं प्रत्येक खांबाला फोटोसेल नसतो, त्यामुळे अख्खी रांग दिवसा जळत असेल तर दोष पॅनेलमध्ये शोधावा आणि एकच दिवा जळत असेल तर त्याच्या डोक्यावर स्वतःचा फोटोसेल असेल त्यात.